न तुटलेली पिन

चिंचवडला समुद्र नाही. तरी आमचे साहेब राहायचे त्या गल्लीत दर गुरुवारी सकाळी होडीचं इंजिन चालायचं. गुरुवार हा आमच्या औद्योगिक पट्ट्याचा रविवार. आठवडाभर शिफ्ट करून आंबलेली माणसं पाय ताणून पडलेली असायची, आणि यांच्या अंगणातून आधी दोन-तीन आचके, मग एक खोकला, आणि मग खिडक्यांची तावदानं हलवणारी धडधड सुरू व्हायची. पाठोपाठ निळसर धूर. नवीन भाडेकरू घाबरून बाहेर यायचे. जुने नुसती कूस बदलायचे.

अंगणात पत्र्याचा एक मोठा ड्रम होता, काठोकाठ पाण्याने भरलेला. त्याच्या काठाला एक जाड फळी बोल्टांनी आवळलेली, आणि त्या फळीवर बसवलेलं इंजिन. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात ना, ते. वर डोकं, खाली लांब पाय, आणि पायाच्या टोकाशी पाण्यात फिरणारा छोटा पंखा. असली तीन-चार इंजिनं त्यांच्याकडे कायम असायची, सगळी वापरलेली, लष्कराच्या भंगारातून किंवा आणखी कुठून फिरत फिरत आलेली. एक ड्रमात, बाकीची भिंतीला टेकून आपल्या पाळीची वाट बघत.

ते आमच्या टूलरूमचे चार्जमन होते. मी त्यांच्या हाताखाली ग्राइंडरवर, टेंपररी. समोर आम्ही त्यांना साहेब म्हणायचो आणि पाठीमागे ड्रमवाले. मूळचे सोलापूरकडचे, बोलणं मोजकं, आणि सगळ्यांना अहो-जाहो. झाडूवाल्याला आणि इंजिनालाही. नवं जुनं इंजिन घरी आलं की म्हणायचे, "पाहुणे आलेत." पाहुण्यांना आल्याआल्या कामाला जुंपायचं नाही, हा त्यांचा दंडक. आधी स्पार्क प्लग काढायचा आणि डॉक्टर जीभ बघतात तसा उजेडाकडे धरून बघायचा. आधीच्या घरी खाणंपिणं कसं होतं, मालकाने पेट्रोलात तेल कमी घातलं की जास्त, हे सगळं ते त्या प्लगच्या काळेपणावरून सांगायचे. बाकीचे लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात. यांच्या खिशात जुना प्लग असायचा. लग्नाच्या पंक्तीत हात धुतल्यावर सवयीने मागच्या खिशातून मशिन पुसायच्या कॉटन वेस्टचा बोळा काढून हात पुसताना मी त्यांना माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

काकूंचं मात्र मला नवल वाटायचं. नळाला पाणी आलं की गल्लीतल्या बायका आधी पिण्याचं भरायच्या, काकू आधी ड्रम भरायच्या. न भरून सांगतील कुणाला? एकदा चहा देताना मला म्हणाल्या, "आमचं लग्न ठरलं तेव्हा सांगितलं होतं हो, मुलाला कसलंही व्यसन नाही म्हणून." त्यावर साहेब खाली मान घालून बशीतला चहा फुंकत राहिले. पण इंजिन सुरू झालं की काकूच आतून ओरडून सांगायच्या, आज आवाज जड येतोय. आणि तो खरोखर जड असायचा.

त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे, जे इंजिन नीट चालतंय त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. ड्रममध्ये ते गुरुवारमागून गुरुवार इंजिन चालवायचे, ते बंद पडेपर्यंत. बंद पडलं की चेहरा खुलायचा. मग ते उघडायचं, का बंद पडलं ते शोधायचं, दुरुस्त करायचं, आणि पुन्हा चालवायचं. असं तीनदा झाल्याशिवाय पाहुणे घराबाहेर जायचे नाहीत. निकामी झालेला भाग फेकायचा नाही. अंगणाच्या भिंतीवर एक फळी होती, तिच्यावर खिळ्यांना हे सगळे भाग टांगलेले, आणि प्रत्येकाखाली त्यांच्या सरळ अक्षरात चिठ्ठी: रबर कडक झालं. वाळू गेली. तेल विसरलो. हा शेवटचा 'विसरलो' त्यांनी स्वतःबद्दल लिहिलेला होता.

एकदा मी विचारलं होतं, साहेब, नवंकोरं इंजिन घेतलं तर ही सगळी कटकट कशाला? तर म्हणाले, "नवं इंजिन कसं बिघडतं ते मला माहीत नाही. जे कसं बिघडतं ते माहीत नाही, त्याचा भरवसा कसा धरायचा?" मला तेव्हा ते उलट्या खोपडीचं बोलणं वाटलं होतं. मी पंचविशीचा होतो, आणि पंचविशीत न तुटणाऱ्या गोष्टींवर फार श्रद्धा असते.

खर्चाच्या बाबतीतही त्यांचं गणित वेगळं. वापरलेलं इंजिन कितीला मिळालं हे त्यांना कुणी विचारलं की नाक मुरडायचे. ते म्हणायचे, इंजिन महाग की स्वस्त हे घेताना कळत नाही, तिसऱ्या वर्षी कळतं. दवाखान्यातून आणलेली काचेची सलाइनची बाटली ते टाकीऐवजी टांगायचे. तिच्यावर रेघा असतातच. किती मिनिटांत किती रेघा उतरल्या ते बघायचं, एक स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा बघायचं. पेट्रोल भडकलं त्या वर्षी तर ते थेंबाचा हिशोब करायला लागले. तिकडे कुणाची स्कूटर सुरू झाली तरी यांचा जीव हळहळायचा की हा माणूस चोक ओढलेला ठेवून चाललाय.

आता त्यांच्याकडचे सगळ्यात मजेशीर पाहुणे सांगतो, कारण पुढची सगळी हकिकत त्यांच्यामुळेच घडली. भोसरीच्या रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडे लष्करी लिलावातून आलेलं एक इंजिन होतं. हे काय आहे हे त्या भल्या माणसालाही माहीत नव्हतं. पाण्यात बुडवून चालवायचं एवढं त्याने ऐकलेलं. त्याने ते चऱ्होलीच्या एका बागायतदाराला पाण्याचा पंप म्हणून विकलं. बागायतदाराने खटपट करून ते विहिरीत सोडलं, दोरी ओढून सुरू केलं, आणि सगळी विहीर ताकासारखी घुसळून निघाली. उसाला मात्र थेंब चढला नाही. त्याने भंगारवाल्याला शिव्या घातल्या आणि इंजिन परत आणून टाकलं. साहेबांना हे कळलं तेव्हा सायकल काढून ते लगेच गेले. इंजिन हातगाडीवर घालून आणलं आणि काकूंना म्हणाले, पाहुणे चुकीच्या घरी उतरले होते. त्यांच्याकडे त्याच बनावटीचं एक इंजिन आधीपासून होतं, त्यांचं सगळ्यात पहिलं, सात वर्षं ड्रमात सुखाने नांदलेलं आणि कुणालाही न दिलेलं. त्यामुळे या नव्याला जोडीदारच मिळाला.

आणि गंमत अशी की हा माणूस होडीत कधीही बसलेला नव्हता.

हे मला कळलं ते आमच्या गावी. माझं गाव निघोजे, इंद्रायणीच्या काठचं. आज तिकडे चाकणच्या कंपन्यांची रीघ लागली आहे, पण तेव्हा आम्हालाच नदी ओलांडून पलीकडे कामाला यावं लागे. पलीकडच्या रस्त्यावर कंपनीची बस थांबायची. खाली अर्ध्या मैलावर बंधारा असल्यामुळे पात्रात बारा महिने पाणी, आणि पुलावरून वळसा घालायचा तर दोन-अडीच तासांची पायपीट. मग राहिली कोंडिबाची नाव. कोंडिबा आमचा नावाडी, दंडाला पोलाद, पण पावसाळ्यात ओढ वाढली की बांबू रेटून रेटून त्याचाही दम निघायचा. नाव दहा-पंधरा मिनिटं घ्यायची, बस निघून जायची, आणि आमच्या कार्डावर लेट मार्क पडायचा. महिन्यात तीन लेट मार्क झाले की परमनंटच्या यादीतून नाव गेलं. गावातले आम्ही चौदाजण कंपन्यांत टेंपररी होतो. शेतं घरटी तुकडा-तुकडा झालेली; परमनंट होणं म्हणजे काय, हे त्या चौदा घरांना विचारा.

मी हे एकदा जेवणाच्या सुट्टीत बोललो. साहेब डबा खात राहिले. पण तीन महिन्यांनी, तिसऱ्यांदा बंद पडून दुरुस्त झालेले ते चऱ्होलीचे पाहुणे त्यांनी आम्हाला देऊन टाकले. पेट्रोल आणि सुटे भाग आम्ही वर्गणीतून करायचे, एवढीच अट. स्वतः दोन गुरुवार काठावर उभं राहून त्यांनी कोंडिबाला शिकवलं: पूर्ण जोर लावायचा नाही, नावेचं नाक थोडं ओढीच्या वर ठेवायचं, उरलेलं काम नदीकडून करून घ्यायचं. त्या एका युक्तीने बाटलीतल्या दोन रेघा वाचल्या. नाव तीन मिनिटांत पलीकडे जायला लागली. लोक म्हणाले, साहेब, बसा, एक चक्कर मारून आणतो. ते चार पावलं मागे सरकले. मला पोहता येत नाही, म्हणाले. कोंडिबा हसून म्हणाला, "इंजिनाचा भरवसा न्हाई व्हय सायेब तुमाला?" त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, "इंजिनाचा आहे. पाण्याचा नाही. पाण्यात पडल्यावर काय करायचं ते मला माहीत नाही." आणि ते काठाकाठाने चालत, कानामागे हात धरून, नाव दिसेनाशी होईपर्यंत आवाज ऐकत राहिले.

आता पिनेबद्दल सांगितलं पाहिजे. इंजिनाचा पंखा दांड्यावर बसतो तो एका बारीकशा पितळी पिनेच्या जोरावर. काडेपेटीतल्या काडीएवढी लांब, थोडी जाड. पंखा दगडावर आपटला की ती पिन तुटते, पंखा मोकळा होतो, आणि बाकी इंजिन वाचतं. नांगराचा दगड टाकायचा, पिन बदलायची, पाच मिनिटांत पुन्हा निघायचं. साहेब या पिना घरी बसून कानशीने घासून करायचे आणि डझनाने कोंडिबाला द्यायचे. कंपनीच्या मशिनवर कधीच नाही. घरचं काम कंपनीच्या मशिनवर करणारा सापडला तर ते त्याला त्याच दिवशी गेटबाहेर काढायला लावत. असे दोघे गेलेले मी पाहिले होते.

आमच्या घाटाजवळ जुने धोंडे होते. कोंडिबा जवळची वाट काढायचा म्हणून हमखास त्यांवरून जायचा, आणि पिन तुटायची. आठवड्यात दोनदा, कधी तीनदा. सकाळच्या फेरीला तुटली तर त्या पाच मिनिटांत बस गेलीच. ऑगस्टात असाच मला पहिला लेट मार्क लागला. त्या महिन्याच्या शेवटी माझा शिफारशीचा फॉर्म जाणार होता. कोंडिबा मला म्हणाला, "तुमी एवढ्या मोठ्या कंपनीत कामाला, अन् एक पिन टिकाऊ करता येईना व्हय?"

हे शब्द मला लागले. टूलरूममधल्या माणसाला असं बोलायचं म्हणजे पहिलवानाला पाटी उचलता येत नाही म्हणण्यासारखं. जेवणाच्या सुट्टीत, कुणी नाही असं बघून, मी टूल स्टीलचा एक टाकाऊ तुकडा घेतला, त्याला पाणी दिलं, आणि ग्राइंडरवर अशी काही पिन घासली की काय सांगू. आरशासारखी. इतकं मन लावून मी कंपनीचं कामही कधी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोंडिबाने ती बसवली.

तीन आठवडे स्वर्ग होता. पंखा धोंड्यांवर आपटायचा, खडखडायचा आणि पुढे जायचा. कोंडिबा आता धोंड्यांकडे बघेनासाच झाला. सुट्या पिनांचा डबा घरी ठेवला, नांगराचा दगड उगाच वजन म्हणून काठावर टाकला. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटून घेत होतो.

शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारी पुराने वाहत आणलेलं बाभळीचं खोड पाण्याखाली आडवं होतं. पंखा त्याच्यावर बसला. पिन तुटली नाही. आतून दात खाल्ल्यासारखा एक आवाज आला, इंजिन मोकळं गरगरायला लागलं आणि पंखा थांबला. नाव ऐन ओढीत, माणसं चौदा, दगड काठावर, आणि खाली बंधाऱ्यावरून पाणी कोसळतंय. कोंडिबाने आणि दोघा-तिघांनी बांबू रेटून रेटून नाव कशीबशी काठच्या करंजाच्या फांद्यांपर्यंत आणली. कुणाला काही झालं नाही. पण सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले होते, आणि माझा सगळ्यांत जास्त.

आणि मग मी जे केलं ते सांगायला आजही जड जातं. कोंडिबाने पंखा काढला, पिन माझ्या हातात दिली, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी ती खिशात टाकली. तिच्या जागी काठावरची एक जुनी तुटकी पितळी पिन त्याने खोचून ठेवली. मला घरचं काम केल्याबद्दल गेटबाहेर जायचं नव्हतं. दुसरा लेट मार्क त्याच दिवशी लागला होता, फॉर्म शनिवारी जाणार होता, आणि त्यावर सही साहेबांची होती.

संध्याकाळी साहेबांनी इंजिन हातगाडीवरून घरी नेलं. नावेत बसायला कुणी धजेना, म्हणून मंगळवार, बुधवार आम्ही पहाटे साडेतीनला निघून पुलावरून चालत गेलो. वाटेत लोक साहेबांच्या नावाने बोटं मोडत होते. भंगार आमच्या गळ्यात मारलं, स्वतः मात्र कधी बसला नाही, म्हणत होते. मी सगळ्यांच्या मागे चालत होतो. कुणी माझ्याकडे वळून बघितलं की मी चपलेचा अंगठा नीट करायचो.

बुधवारी कामावरून सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. का गेलो कोण जाणे. अंगणात वर्तमानपत्रावर इंजिनाचा खालचा भाग उघडलेला, गिअरचे दात वाटाण्यासारखे वेगळे मांडलेले, आणि शेजारी ती तुटकी पितळी पिन. साहेब पाटावर बसले होते. काकूंनी मला खुणेनेच सांगितलं की दोन दिवस कामावरून आले की हे असेच बसतात.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पिन तुटली असेल तर दात तुटायला नकोत. आणि दात तुटले असतील तर पिन शाबूत हवी. दोन्ही कसं होईल?" मग म्हणाले, "तीन वेळा बंद पाडून बघितलं होतं मी. माझंच काहीतरी ऐकायचं राहिलं." भिंतीवरची फळी त्यांनी खाली उतरवून ठेवली होती. एकेका चिठ्ठीवरून ते पुन्हा बोट फिरवत होते.

नोकरी गेली तर गेली, पण हे मला बघवेना. मी खिशातून पिन काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. सगळं सांगितलं: टूल स्टीलचा तुकडा, जेवणाची सुट्टी, कंपनीचा ग्राइंडर, कोंडिबाने केलेली अदलाबदल. कोंडिबाचा दोष नाही, मीच केलं, हेही सांगितलं. 

त्यांनी पिन उचलली. बराच वेळ बोटांत फिरवली. मग आत जाऊन मायक्रोमीटर घेऊन आले आणि तीन ठिकाणी मोजली. तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. म्हणाले, "काम सुंदर आहे. जागा चुकली."

मी मान खाली घालून उभा होतो. ते पुढे म्हणाले, "सगळंच पक्कं करून चालत नाही हो. काहीतरी एक स्वस्तात तुटेल असं ठेवावं लागतं, म्हणजे महागाचं वाचतं." आणि मग, जणू फार महत्त्वाचं विचारायचं राहिलं होतं तसं, "कानस चालवता येते का?"

गुरुवारी सकाळपासून दुपारपर्यंत त्यांनी माझ्याकडून वीस पितळी पिना कानशीने घासून घेतल्या. हाताला फोड आले. त्यांनी त्या एकेक मोजून बघितल्या आणि सहा परत केल्या. तोवर त्यांनी स्वतः ड्रमवरचं ते पहिलं इंजिन उतरवलं, सात वर्षं जपलेलं, आणि त्याचा पाय उघडून गिअर काढून घेतला. काढताना काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "ह्यांचं आता काय?" असं त्यांनी विचारलं, आणि साहेबांनी उरलेलं इंजिन उचलून भिंतीला टेकवलं. दोन वाजता तो गिअर बसवून आमचं इंजिन ड्रममध्ये चालू झालं आणि काकू आतून म्हणाल्या, आवाज हलका येतोय.

मग माझी पिन त्यांनी भिंतीवरच्या फळीवर टांगली. खाली चिठ्ठी लावली: तुटली नाही. त्या सगळ्या फळीवर तेवढा एकच भाग धडधाकट होता.

चार वाजता आम्ही नदीच्या बसकडच्या काठावर पोचलो. बाजारहाट करून परतणारी आमच्या गावची दहा-बारा माणसं उभी होती. कोंडिबाने इंजिन बसवलं, सुरू केलं, पण नावेत पाय ठेवायला कुणी तयार होईना. मी पुढे झालो आणि पिनेची खरी हकिकत सगळ्यांसमोर सांगितली. सगळ्यांनी ऐकून घेतलं, पण बायका जागच्या हलल्या नाहीत. एकजण म्हणाली, "आमाला पिनाबिना कळत न्हाई. पोरं हायत घरी." तिचंही खरंच होतं.

साहेब सगळ्यांच्या मागे, नेहमीसारखे पाण्यापासून चार पावलं लांब उभे होते. ते पुढे आले. बूट काढले, मोजे काढून नीट बुटात घातले. कोंडिबाला म्हणाले, "नाव उलटली तर मी काय करायचं?"

कोंडिबाला आधी वाटलं साहेब थट्टा करतायत. मग त्याने बघितलं की साहेब खिशातला प्लग मुठीत आवळून उत्तराची वाट बघतायत. तो नीट बोलला, "ही मधली फळी सुटती. तिला दोनी हातानं मिठी मारायची. पाय हापटायचं. अन् मला हाक मारायची. मी हाय."

"फळीला मिठी. पाय आपटायचे. तुम्हाला हाक," साहेब म्हणाले. त्यांनी ती फळी एकदा स्वतः काढून बघितली, परत बसवली. पुन्हा एकदा तिन्ही गोष्टी पुटपुटल्या. नांगराचा दगड नावेत आहे, पिनांचा डबा कोंडिबाच्या पायाशी आहे, हे बघितलं. आणि चढून मधल्या फळीवर बसले, दोन्ही हातांनी तिची कड घट्ट धरून.

मी त्यांच्या शेजारी बसलो. मग मघाची ती बाई आली, मग बाकीचे. गावाच्या काठाला लागेपर्यंत साहेबांनी डोळे मिटलेले होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. मधोमध आल्यावर म्हणाले, "ड्रममध्ये असा आवाज येत नाही. इथे फार मोकळं बोलतात हे." धोंड्यांपाशी कोंडिबाने पहिल्यांदाच लांबून वळसा घातला.

गावाकडे उतरल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की साहेबांचे बूट पलीकडच्या काठावर राहिले. त्या दिवशी पुन्हा पाण्यात बसायला ते काही तयार झाले नाहीत. अनवाणीच आमच्याकडे मुक्कामाला आले, पिठलं-भाकरी जेवले, आणि गावातल्या पिठाच्या गिरणीचं इंजिन लांबून ऐकून सांगितलं की पंधरा दिवसांत बेअरिंग जाणार. बाराव्या दिवशी गेलं. सकाळी पहिल्या शिफ्टच्या नावेत ते आमच्याबरोबर बसले. या वेळी डोळे उघडे होते. पलीकडे बूट दवाने ओले झाले होते ते घातले, आणि चौदाही जणांना बस मिळाली.

पुढच्या गुरुवारी त्यांच्या अंगणातला ड्रम गप्प होता; भिंतीला टेकलेल्यांतही त्या वेळी चालू कुणी नव्हतं. गल्लीतले निम्मे लोक उशिरापर्यंत झोपून राहिले आणि मग एकेकजण विचारायला आले, घरात सगळं बरं आहे ना म्हणून. दोन महिन्यांत नवे पाहुणे आले आणि गल्लीचं घड्याळ पुन्हा सुरू झालं. आमचं इंजिन पूल होईपर्यंत नऊ वर्षं चाललं. किती पिना तुटल्या ते विचारू नका. सगळ्या मी घासल्या, घरी बसून, कानशीने.

आणि त्या नावेच्या आठवड्यातच, शनिवारी, माझा फॉर्म गेला होता. ते फॉर्म इंग्रजीत असायचे, आणि शेऱ्याच्या जागेत सगळे चार्जमन ठरलेले दोनच शब्द लिहायचे, काम समाधानकारक. सोमवारी पर्सोनेल खात्याच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं.  त्यांनी फॉर्म माझ्यासमोर सरकवला आणि विचारलं, तुमच्या चार्जमननी हे काय लिहिलंय, मला काही उलगडा होत नाही, आणि विचारलं तर म्हणतात लिहिलंय ते बरोबर आहे.

त्या इंग्रजी फॉर्मवर त्यांच्या सरळ, चिठ्ठ्यांवरच्या अक्षरात मराठीत लिहिलं होतं: "कंपनीच्या मशिनवर एकदा घरचे काम केले. कोणी न विचारता स्वतः सांगितले. हा माणूस कसा बिघडतो ते मला माहीत आहे. कायम करावे."